प्रश्न शेताचा, उत्तर मंडळाचं

पीकविम्याचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "आता निकष शास्त्रीय झालाय, शेतकऱ्यांनी उगाच ओरड करू नये." कृषी खात्यातले अधिकारी ते म्हणतात, विमा व्यवसायातली माणसं म्हणतात, मराठवाड्याची काळजी दुरून वाहणारे जाणकारही म्हणतात. त्याला ताजं निमित्त आहे. २०२३ च्या खरिपात सुरू झालेला एक रुपयातला विमा राज्य सरकारने दोन वर्षांत गुंडाळला. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याने सोयाबीनसारख्या पिकासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता भरायचा आणि भरपाई ठरणार ती फक्त महसूल मंडळाच्या (म्हणजे काही गावांच्या समूहाच्या) सरासरी उत्पन्नावर, जे पीक कापणी प्रयोगातून निघतं. पुराने किंवा गारपिटीने एकट्या शेताचं नुकसान झालं तर ७२ तासांत कळवून मागायची भरपाई, कापून शेतात पसरलेला माल भिजला तर मिळणारी भरपाई, हे सगळं योजनेतून बाहेर गेलं.

निकष शास्त्रीय आहे, यात वाद नाही. वाद आहे तो वेगळाच. हे शास्त्र ज्या प्रश्नाचं उत्तर देतं, तो प्रश्न शेतकऱ्याने विचारलेलाच नाही.

त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, रावणगाव-हसनाळ भागात पाणी गावांत शिरलं, माणसं दगावली. सप्टेंबरात मांजरा आणि तेरणेच्या काठची शेतं तळी झाली. ज्याचं दोन एकर सोयाबीन शेंगेला आलेलं पाण्याखाली कुजलं, त्याचा प्रश्न सरळ होता: माझ्या गटात काय उरलं? त्याला मिळालेलं उत्तर असं: तुमच्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न किती निघतं ते बघू. एका प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देण्याचा हा प्रकार आहे. उत्तर आकड्यात असल्यामुळे ते चुकीच्या जागी दिलं गेलंय, हे पटकन लक्षात येत नाही.

हे लक्षात न येण्याचं मूळ शाळेत आहे. तिथं सांख्यिकी शिकवली जाते. नववीत आहे, दहावीच्या बीजगणितात आहे. गृहीतमध्य पद्धत, मध्यप्रमाण विचलन पद्धत, मध्यक, बहुलक. पोरं गणितं घडाघडा सोडवतात, मार्क खिशात टाकतात. पण समोरचा प्रश्न सांख्यिकीचा आहे की नाही, हे ओळखायला त्यांना कुणी सांगत नाही. मग दोन गैरसमज आयुष्यभर सोबत राहतात. एक, उत्तरात आकडा आला की प्रश्न सांख्यिकीचा. दुसरा, उत्तर एकच असेल तर तो सांख्यिकीचा नाही. दोन्ही चूक.

लातूरकरांना समजेल असं उदाहरण घ्यायचं तर जलदूत घ्यावी. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली. किती पाणी आणलं? दहा वाघिणी, ५ लाख लिटर. आकडा मोठा आहे, पण हा सांख्यिकीचा प्रश्न नव्हे. वाघिणी मोजल्या, पाणी मोजलं, संपलं. कुणीही मोजलं तरी तेच येणार. आता दुसरा प्रश्न: त्या उन्हाळ्यात लातूरच्या घराला रोज किती पाणी मिळत होतं? इथं एका मोजणीने भागत नाही. एकाच्या अंगणात बोअर, दुसऱ्याच्या गल्लीत टँकर, तिसरा घागरी घेऊन रांगेत. घराघराला उत्तर बदलतं, म्हणून अनेक घरं तपासावी लागतात आणि उत्तर देताना फरकही सांगावा लागतो. हा सांख्यिकीचा प्रश्न. त्याचं उत्तर शेवटी एका सरासरीत मांडलं, एकच आकडा झाला, तरी तो सांख्यिकीचाच राहतो. कारण तो आकडा शेकडो वेगवेगळ्या आकड्यांच्या पोटातून आलेला असतो.

२०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती. पहिल्या गाडीचं पाणी तिने भागलं तर माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर येतं. हा सव्वा लिटर लातुरात कुणाच्याही हंड्यात पडला नाही. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. सगळ्यांना सरासरीइतकं पाणी मिळत असतं तर पोलीस लागलेच नसते.

आता पुन्हा सोयाबीनकडे. पीक कापणी प्रयोगाची टवाळी करणारेही बरेच आहेत, त्यांनी एकदा तो जवळून पाहावा. कोणता गट नंबर घ्यायचा हे कुणाच्या मर्जीवर नसतं, तो यादृच्छिक पद्धतीने निघतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, तिथून लांबीत ठरलेली पावलं, रुंदीत ठरलेली पावलं, आणि जिथं पाय थांबेल तिथं पहिली खुंटी. मग टेप आणि दोरी. १० मीटर बाय ५ मीटरचा आयत. कोपरे काटकोनात आलेत का हे कर्णावरून बघायचं; तो ११.१८ मीटर भरला पाहिजे. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, यावर हमखास हुज्जत होते. मग कुणीतरी वाकून त्याचा बुंधा कुठं आहे ते बघतं. आतलं सगळं सोयाबीन कापायचं, ताडपत्रीवर बडवायचं, उफणायचं आणि काट्यावर टाकायचं. शेजारी सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, दोन-चार बघे. कृषी सहायक मोबाईलवरून फोटो चढवतो. (पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय, गावात मात्र तो अजून कृषी सहायकच आहे.)

हा ५० चौरस मीटरचा तुकडा म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. काटा ४ किलो दाखवत असेल तर हेक्टरी ८ क्विंटल. अर्धा किलो इकडचा तिकडे झाला की त्या प्लॉटचं हेक्टरी उत्पन्न एका क्विंटलने हलतं. असे दहा-बारा प्रयोग एका मंडळात होतात आणि त्यांच्या सरासरीवर मंडळातल्या सगळ्या गावांतल्या, सगळ्या विमाधारकांचा निकाल लागतो.

दहा-बारा तुकड्यांवरून हजारो शेतांचं कसं कळणार, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. खरं सांगायचं तर तो आक्षेप कच्चा आहे. शितावरून भाताची परीक्षा आपल्या आज्या रोज करत आल्या. नमुना नीट निवडला, दोरी प्रामाणिकपणे बांधली, तर मंडळाची सरासरी बऱ्यापैकी नेमकी कळते. पण शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेलं एक, पाणी एक, जाळ एक. नदीकाठचं चोपण आणि माळावरची मुरमाड जमीन एका पातेल्यात शिजत नाही. तिथं शितावरून पातेल्याची सरासरी सांगता येईल. पातेल्यातलं एखादं शीत कच्चं राहिलं का, करपलं का, हे कसं सांगणार?

नुसतं म्हणून भागणार नाही, हिशेबच मांडू. एका मंडळाचं उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल धरू. (मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा.) यंदाचं सरासरी उत्पन्न ८ क्विंटल निघालं. घट २० टक्के. विमा संरक्षित रक्कम समजण्यापुरती हेक्टरी ५० हजार धरली तर भरपाई १० हजार. ज्याचं शेत वाहून गेलं त्याला १० हजार आणि ज्याला माळावर १२ क्विंटल पिकलं त्यालाही १० हजार. उलट सरासरी साडेदहा निघाली, तर वाहून गेलेल्या शेताला छदामही नाही. नियमाप्रमाणे दोन्ही वेळा सगळं बिनचूक झालेलं असेल. कुणी पैसे खाल्ले नाहीत, दोरी आखडली नाही, काटा मारला नाही. तरी नदीकाठचा शेतकरी रिकाम्या हाताने परतला, कारण त्याच्या प्रश्नाला योजनेत खिडकीच नव्हती.

ही पद्धत मुळात कशासाठी जन्माला आली, हे पाहिलं तर नवल वाटणार नाही. पीक कापणी सर्वेक्षणाला भारतात शिस्त लावणाऱ्यांमध्ये पहिल्या रांगेत नाव येतं ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्म, लंडनमध्ये संख्याशास्त्राची डॉक्टरेट, मग दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम, पुढे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा. १९४० च्या दशकात त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी कापणी प्रयोगांचा पाया घातला. तेव्हा सरकारला देशात, प्रांतात, जिल्ह्यात धान्य किती पिकलं हे कळायला हवं होतं, आणि हाताशी होती ती नजर-अंदाजाची आणेवारी. प्रश्न निखळ सांख्यिकीचा होता. त्यासाठी हत्यारही तसंच घडलं.

सुखात्मे यांची दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी वाजली ती याच काटेकोरपणावरून. महालनोबिस बंगालमध्ये फार लहान तुकडे कापून अंदाज बांधत होते. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. म्हणूनच दोरीवरच्या झाडाची हुज्जत फालतू नाही. दोन थोर संख्याशास्त्रज्ञ भांडत होते ते जिल्ह्याची सरासरी नेमकी यावी म्हणून. अमक्या गटातल्या शेतकऱ्याचं काय गेलं, हे या तुकड्यावरून सांगता येईल असा दावा दोघांपैकी कुणीही केला नव्हता. तो दावा विम्याच्या कागदांनी त्यांच्या नावावर घुसडला.

विरोधी बाजूचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. शेतनिहाय भरपाईचे दरवाजे उघडे होते तेव्हा त्यातून बरीच घाण आत आली. एक रुपयाच्या काळात दुसऱ्याच्या, देवस्थानाच्या, सरकारी जमिनीवर विमे उतरवल्याची प्रकरणं उघडकीला आली. पंचनाम्यात कुणाचं नुकसान ७० टक्के आणि कुणाचं ३० टक्के लिहायचं हे कधी पाण्यावर ठरलं, कधी ओळखीवर. म्हणून सरसकट "सरासरी बंद करा, प्रत्येक शेताचा पंचनामा करा" ही मागणीही फसवी आहे. दुष्काळात, किडीत, पावसाच्या खंडात सगळं मंडळ एकत्र बुडतं. तिथं मंडळाची सरासरी हाच योग्य आणि स्वस्त निकष. पूर, गारपीट, वीज, रानडुकरं ही निवडून मारतात; तिथं प्रत्यक्ष शेत बघण्याला पर्याय नाही. चोरी होते म्हणून ती खिडकीच भिंत घालून बंद करणं म्हणजे ढेकणाच्या संगे हिराही भंगवणं झालं.

पावसाचंही तेच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, आणि तो मोजणार मंडळाचं पर्जन्यमापक. या यंत्राच्या तोंडाचा व्यास वीतभरही नसतो. ओढ्यापलीकडच्या शिवारात काय कोसळलं हे त्याला विचारून उपयोग नाही.

हे सगळं लिहिताना आकड्यांच्या विरोधात बोलणाऱ्यांना बळ मिळू नये, ही भीती आहेच. कारण हीच चूक उलट्या दिशेने करणारी मंडळी नांदेड-लातुरात पैशाला पासरी आहेत. शेताच्या प्रश्नाला मंडळाचं उत्तर देणं ही एक लबाडी. मंडळाच्या प्रश्नाला एका शेताचं उत्तर देणं ही दुसरी. लातूरच्या ट्यूशन एरियात उभं राहून वर बघा. नीटमध्ये ७२० पैकी सातशेच्या वर गेलेली पोरं फलकांवर हसत असतात. एकच चेहरा दोन-तीन क्लासच्या फलकांवर दिसला तरी लातूरकराला नवल वाटत नाही. खाली उभा असलेला बाप अहमदपूरहून किंवा देगलूरहून आलेला असतो, जमिनीचा तुकडा विकून फी जमवलेली असते. त्याचा प्रश्न: माझ्यासारख्या घरातली, माझ्या पोराइतके मार्क असणारी पोरं इथं घातली तर बहुतेकांचं काय होतं? हा पक्का सांख्यिकीचा प्रश्न आहे. किती आले, त्यांतले किती मध्येच गेले, किती रिपीटर, दहावीला कुणाला किती होते, शेवटी किती जणांना सरकारी कॉलेज मिळालं, हे सगळं हवं. फलक त्याला सांगतो की एका मुलीला ७१० पडले. ते खरंच असतं. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतं, आणि भाजक कुठंच छापलेला नसतो.

२०२४ च्या नीट प्रकरणात हे दोन प्रश्न सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर आले. ५ मेला परीक्षा, ४ जूनला निकाल आणि ६७ जणांना पैकीच्या पैकी. जूनमध्येच नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातुरात गुन्हा दाखल झाला आणि लातूर पॅटर्नचं नाव भलत्याच कारणाने देशभर गेलं. बातम्यांत, चौकात, पालकांच्या बैठकांत दोन प्रश्न एकात एक मिसळले जात होते. पेपर फुटला का? आणि फुटीने देशाचा निकाल नासला का? पहिल्याचं उत्तर मिळतं ते पेटी कुणी उघडली, फोटो कुणी काढला, पैसे कुठं पोचले या तपासातून. त्यासाठी सरासरी लागत नाही. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला, यावर न्यायालयात वादच उरला नव्हता. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र वीस लाखांहून जास्त मुलांचे मार्क शहरानुसार, केंद्रानुसार पसरून बघावे लागतात. कुठं अस्वाभाविक उंचवटा दिसतो का, ते शोधावं लागतं. न्यायालयाने नावं झाकून केंद्रनिहाय मार्क जाहीर करायला लावले, आणि २३ जुलैला पुनर्परीक्षा नाकारली. निकाल कुणाला आवडो न आवडो, प्रश्न वेगळे करण्याचं काम तिथं नीट झालं. फुटीचा फायदा मिळालेले म्हणून तेव्हा १५५ मुलांचा आकडा पुढे आला होता. देशाच्या आलेखात १५५ दिसणारसुद्धा नाहीत, म्हणून त्यांचा गुन्हा लहान होत नाही.

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या रुग्णालयाची गोष्ट याहून कठीण. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं. आणखी चोवीस तासांत आकडा ३१ वर गेला. रुग्ण लांबून, शेवटच्या अवस्थेत येतात, खाटांच्या मानाने भार फार, असं प्रशासनाने सांगितलं. मोठ्या सरकारी रुग्णालयात रोज मृत्यू होतातच, हा युक्तिवादही झाला. २४ हा आकडा त्या रुग्णालयासाठी अनपेक्षित होता का, हा प्रश्न सांख्यिकीचा आहे, आणि त्याचं उत्तर आधीच्या कित्येक महिन्यांच्या दाखल-मृत्यू नोंदी मांडूनच देता येईल. केवळ आकडा भयंकर वाटतो म्हणून नाही. इथवर प्रशासनाचं म्हणणं ऐकून घेता येतं. पण बारा आयांचा प्रश्न तो नव्हताच. माझ्या बाळाला वेळेवर औषध मिळालं का, वॉर्मर रिकामा होता का, रात्री डॉक्टर किती होते? बारा केसपेपर, बारा उत्तरं. त्यांना रोजची सरासरी ऐकवणं म्हणजे पुरात शेत गेलेल्याला मंडळाचं उत्पन्न ऐकवण्यासारखंच. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा दोन्ही प्रकारचे प्रश्न निदान एका मेजावर आले.

"निकष शास्त्रीय आहे" म्हणणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगायचं: शास्त्राची सुरुवात प्रश्न नेमका काय आहे हे विचारण्यापासून होते, उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत काढलं यापासून नाही. मंडळ बुडलं की नाही हे कापणी प्रयोगाने ठरवा, खुशाल ठरवा. एकट्यादुकट्याचं शेत वाहिलं तर ते डोळ्यांनी बघून ठरवायची तरतूद योजनेत परत आणा. उपग्रहाचे फोटो, जागेची खूण असलेले मोबाईल फोटो हाताशी असताना खोटे दावे गाळणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. आणि मंडळाची सरासरी जाहीर करताना नुसती सरासरी देऊ नका. दहा प्लॉटची दहा वजनं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. दहांतले तीन शून्याजवळ आणि बाकीचे भरघोस असतील, तर त्या मंडळात पूर होता की दुष्काळ, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

शेतकऱ्यांनाही एक विनंती. तुमच्या मंडळात प्रयोग लागेल तेव्हा कापलेल्या सोयाबीनची बनीम रचायचं काम तासभर बाजूला ठेवून त्या शेतात जा. नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजली जाताना सोबत चाला, कर्णाला टेप लावायला सांगा, काट्यावरचा आकडा स्वतः वाचा. आणि सरासरी ऐकण्याआधी सगळ्या प्लॉटची वजनं वहीत उतरवून घ्या.